एन्रॉनची टपालपेटी आणि आपली मराठी पत्रं

एन्रॉन म्हटलं की चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला गुहागर आठवतं, दाभोळची खाडी आठवते आणि ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ ही १९९५ च्या निवडणुकीतली घोषणा आठवते. जून १९९२ मध्ये या अमेरिकी कंपनीचा राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करार झाला. डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. १९९५ मध्ये युतीचं सरकार आलं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला आणि फेरवाटाघाटी होऊन तो परत उभाही राहिला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणं बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनने दिवाळं काढलं. हिशेबातली बनवाबनवी उघडी पडली होती.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. तिचा एक शेपटाचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही. एन्रॉन बुडाली, पण तिच्या कर्मचाऱ्यांनी एकमेकांना पाठवलेले लाखो ईमेल मागे उरले. चांगलं टपाल कोणतं आणि भामट्याचं कोणतं, हे यंत्राला शिकवण्यासाठी पुढे जगभरच्या अभ्यासकांनी जे नमुने वापरले, त्यांत ‘चांगलं टपाल’ म्हणून हीच पत्रं होती. जिच्या नावाने महाराष्ट्रात बोटं मोडली गेली, तिची पत्रं सभ्यतेचा नमुना ठरली! हे कसं घडलं आणि त्यात तुमच्या-माझ्या मराठी-उर्दू पत्रांचं काय झालं, हे आज पाहू.

डबाबंद नाव

आधी ‘स्पॅम’ या शब्दाचं पाहू. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीने डुकराच्या मांसाचा डबा बाजारात आणला, त्याचं हे नाव. १९७० मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या एका विनोदी प्रहसनात उपाहारगृहातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थात स्पॅम असतो आणि तो शब्द इतक्या वेळा ओरडला जातो की दुसरं काही ऐकूच येत नाही. नको असलेल्या टपालाला लोकांनी तेच नाव दिलं. मग विनोदाला विनोद म्हणून चांगल्या टपालाला नाव पडलं ‘हॅम’. म्हणजे तेही डुकराचंच! आपल्या वाचकांनी दोन्ही शब्द फक्त वाचावेत, चाखू नयेत.

नको असलेलं टपाल मात्र या नावाहून जुनं आहे. ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीच्या गॅरी थुर्क नावाच्या विक्री अधिकाऱ्याने आपल्या नव्या यंत्राची जाहिरात अमेरिकी संशोधकांच्या जाळ्यावर सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. आजचा स्पॅमचा पूर आपला उगम तिथे सांगतो. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका वकील दाम्पत्याने ग्रीन कार्डच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांवर टाकली, तेव्हा या प्रकाराने धंद्याचं रूप घेतलं.

आपल्याकडे ईमेल आला तो मुंबईतून. १९८६-८७ च्या सुमारास जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून आयआयटी मुंबईला टेलिफोनच्या तारेवरून संदेश जाऊ लागले. सामान्य ग्राहकांना विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट दिलं. त्या काळी एखाद-दुसरा ईमेल आला तरी माणूस खूश व्हायचा. पेटी उघडून आलेलं टपाल फेकत बसायची वेळ नंतर आली.

शब्दांची काळी यादी

पहिला उपाय सगळ्यांना सुचेल तोच होता. वाईट शब्दांची यादी करायची आणि त्यातला शब्द दिसला की पत्र बाहेर काढायचं. यात दोन गोत्यात यायच्या गोष्टी होत्या. भामटे अक्षराच्या जागी आकडा घालून सुटत. आणि सुक्याबरोबर ओलंही जळे. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एका मोठ्या कंपनीकडे खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावात एक शिवी लपलेली होती आणि यंत्राला तीच दिसत होती.

आपल्या शाळेचं उदाहरण घ्या. ‘मोफत’ हा शब्द भामट्याचा लाडका: मोफत रिचार्ज, मोफत बक्षीस. पण ‘मोफत पाठ्यपुस्तक वाटप’ हे तर शासनाचं परिपत्रक. ‘तात्काळ’, ‘आजच’, ‘अंतिम मुदत’, ‘अन्यथा कारवाई’, ‘खालील लिंकवर माहिती भरा’ हे शब्द बँकेच्या नावाने फसवणारा लिहितो, आणि शिक्षण खात्याचं पत्रही नेमक्या याच शब्दांत येतं. मुख्याध्यापकांच्या पेटीत दोन्ही शेजारी शेजारी पडतात. एकेका शब्दावर निकाल द्यायचा म्हटलं तर कुठलीही यादी इथे पुरी पडणार नाही.

बगदादचा मोजणारा

यातून वाट निघाली ती मोजण्यातून. आधी येऊन पडलेली पत्रं समोर घ्यायची, त्यांत काय किती वेळा येतं ते मोजायचं आणि त्या मोजणीवरून नव्या पत्राचा अंदाज बांधायचा. या कल्पनेचा एक फार जुना पूर्वज नवव्या शतकातल्या बगदादमध्ये सापडतो.

अबू यूसुफ याकूब अल-किंदी (सुमारे ८०१ ते ८७३) हा खलिफा मामून आणि मुअतसिम यांच्या काळातला तत्त्वज्ञ. गणित, वैद्यक, संगीत, दृष्टिशास्त्र अशा अनेक विषयांवर त्याने लिहिलं. गुप्त लिपीतली पत्रं कशी उलगडावीत यावर त्याची एक छोटी पुस्तिका आहे. तिचं हस्तलिखित इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात होतं आणि ते १९८० च्या दशकात दमास्कसहून छापून आलं. त्यातली युक्ती अशी: गुप्त पत्रातली चिन्हं कळत नसतील, तर आधी साधं, उघड लिहिलेलं पुरेसं लांब लिखाण घ्या. त्यात कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजा. मग गुप्त पत्रातली चिन्हं मोजा. जे चिन्ह सगळ्यांत जास्त वेळा येतं, ते सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या अक्षराच्या जागी आलं असणार. किंदीने स्वतः साडेतीन हजारांहून जास्त अक्षरं मोजली होती. अलिफ पहिला आला, लाम दुसरा.

या युक्तीत एक अट आहे आणि ती पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. मोजायला घेतलेलं लिखाण गुप्त पत्राच्याच भाषेतलं असलं पाहिजे. अरबी पत्र उलगडायचं तर अरबी लिखाण मोजा. दुसऱ्या भाषेची मोजणी घेऊन बसाल तर उत्तर चुकणार, आणि चुकलं आहे हे कळणारही नाही.

कोल्हापूर, केंब्रिज, पुणे

पुढचा टप्पा इंग्लंडमधला. थॉमस बेझ हे धर्मोपदेशक १७६१ मध्ये वारले. त्यांच्या कागदांत सापडलेला एक निबंध त्यांचे मित्र रिचर्ड प्राइस यांनी डिसेंबर १७६३ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला. त्याचा मथितार्थ आपल्या भाषेत सांगायचा तर: नवा पुरावा हाती आला की आधीचा अंदाज किती सरकवायचा, याचं गणित.

हे गणित बराच काळ मागे पडलं होतं. विसाव्या शतकात ज्यांनी ते पुन्हा उभं केलं त्यांत केंब्रिजचे हॅरल्ड जेफ्रीज अग्रणी. आणि त्यांच्याकडे शिकायला गेलेला एक मराठी माणूस होता: कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. १९४९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएचडी मिळवली आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा करून अनेक वर्षं सांभाळला. त्यांच्या संशोधनाचा एक विषय होता ‘पुरेसा सारांश’. म्हणजे हजार नोंदींमधून कोणते मोजके आकडे जपून ठेवले तर मूळ नोंदींची पुन्हा गरज पडणार नाही? हुजूरबाजारांनी ईमेलसाठी काही केलं नाही, तेव्हा ईमेलच नव्हता. पण स्पॅमची चाळणी नेमकी याच विचारावर चालते. ती तुमची पत्रं साठवत नाही. कोणता शब्द वाईट पत्रांत किती वेळा आला आणि चांगल्या पत्रांत किती वेळा, एवढीच वही ती लिहिते. निकालाला तेवढं पुरतं.

मुलांना शिकवतो तसं एक उदाहरण मांडतो. समजा, चाळणीला आपण २०० वाईट आणि २०० चांगली पत्रं दाखवली. ‘मोफत’ हा शब्द १२० वाईट पत्रांत आणि ३० चांगल्या पत्रांत निघाला. मग फक्त ‘मोफत’ पाहिलं तर पत्र वाईट असण्याची शक्यता १५० पैकी १२०, म्हणजे ८० टक्के. पण त्याच पत्रात ‘पाठ्यपुस्तक’ हा शब्दही आहे, जो २ वाईट आणि ४० चांगल्या पत्रांत आला होता. आता दोन्ही साक्षी एकत्र करा. वाईटाच्या बाजूने १२० गुणिले २, म्हणजे २४०. चांगल्याच्या बाजूने ३० गुणिले ४०, म्हणजे १२००. एकूण १४४० पैकी २४० वाईटाकडे, म्हणजे सहापैकी एक. परिपत्रक सुटलं! एका शब्दाने संशय आला होता, दुसऱ्याने तो धुऊन काढला.

निर्दोषाला सोडण्याचा नियम

१९९८ मध्ये मेहरान सहामी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी हे ईमेलवर करून दाखवलं. त्यांच्याकडे आधीच आलेले १,७८९ संदेश होते. १,५७८ कचरा आणि फक्त २११ कामाचे. त्यांचा एक निर्णय मला फार महत्त्वाचा वाटतो. पत्र कचरा असल्याची खात्री ९९.९ टक्क्यांहून जास्त असेल तरच ते बाजूला काढायचं, असं त्यांनी ठरवलं. कचऱ्याचं एखादं पत्र आत आलं तर दोन सेकंद वाया जातात. कामाचं पत्र बाहेर गेलं तर माणसाचं नुकसान होतं. हे दोन गुन्हे सारखे नाहीत, हे त्यांनी गणितातच लिहून टाकलं.

ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहॅम या प्रोग्रामरने ‘अ प्लॅन फॉर स्पॅम’ हा निबंध लिहिला आणि ही पद्धत घरोघर पोहोचली. त्याने स्वतःकडे आलेले सुमारे चार हजार वाईट आणि चार हजार चांगले संदेश मोजले. चांगल्या पत्रांतल्या शब्दांची संख्या तो मुद्दाम दुप्पट धरे, म्हणजे चुकलं तर माफीच्या बाजूने चुकावं. आणि जो शब्द आजवर पाहिलेलाच नाही, त्याला तो ०.४ गुण देई. म्हणजे अर्ध्याहून कमी संशय. अनोळखी आहे एवढ्यावरून कुणी गुन्हेगार ठरत नाही, हे त्या एका आकड्यात आलं. मोजणीतून एक गंमतही निघाली. पत्रातली भडक लाल रंगाची खूण ही कोणत्याही अश्लील शब्दाइतकीच पक्की साक्ष देत होती. यादी करणाऱ्याला हे कधी सुचलं नसतं, मोजणाऱ्याला आपोआप दिसलं.

घरी पोहोचलेल्या पत्रांची शाळा

आता मुद्द्याचा प्रश्न. शिकवणी कशाची घ्यायची? पेटीत आधीच पडलेल्या पत्रांची. स्पॅमअ‍ॅसॅसिन ही २००१ मध्ये आलेली मोफत प्रणाली अनेक संस्थांचे टपालयंत्र सांभाळणारे लोक वापरतात. २००३ मध्ये तिला ही शिकण्याची सोय मिळाली. एका फोल्डरमध्ये वाईट पत्रं, दुसऱ्यात चांगली, आणि आज्ञा द्यायची: हे शीक. तिच्या नियमांत माझ्यासारख्या मास्तरला रस वाटावा असं बरंच आहे.

पहिला नियम: किमान २०० वाईट आणि २०० चांगली पत्रं पाहिल्याशिवाय ही चाळणी तोंडच उघडत नाही. नुसती वाईट पत्रं दाखवून चालत नाही. लोक कंटाळून सगळा कचरा तिच्यापुढे ओततात आणि चांगली पत्रं द्यायची विसरतात. मग जगात वाईटच असतं, असं ती शिकते. वर्गात फक्त चुका दाखवणाऱ्या मास्तराच्या हाताखाली मुलं तयार होतात, तसंच हे.

दुसरा नियम: पत्रं हाताने निवडलेली हवीत. चाळणीने स्वतः केलेली वाटणीच तिला परत शिकवली तर ती आपल्याच चुका पाठ करते. चुकीचं शिकवलं गेलं असेल तर ते पत्र योग्य बाजूला पुन्हा शिकवता येतं, किंवा ‘विसर’ अशी आज्ञाही देता येते.

तिसरा नियम: पत्र फॉरवर्ड करून शिकवू नये. ईमेलच्या डोक्यावर एक न दिसणारी साखळी असते. हे पत्र कुणाकडून कुणाकडे आलं, याची नोंद वाटेतलं प्रत्येक यंत्र करत जातं. मजकुरासोबत ही साखळीही साक्ष देते. फॉरवर्ड केलं की मूळ साखळी तुटते आणि पाठवणारा म्हणून तुमचंच नाव वर येतं. हदीसच्या अभ्यासकांना सनद आणि मतन, म्हणजे कथन करणाऱ्यांची साखळी आणि मूळ मजकूर, हा भेद नवा नाही. मजकूर कितीही सुंदर असो, साखळी तपासल्याशिवाय तो घेऊ नये, हा दंडक त्यांनी हजार वर्षांपूर्वी घातला. दर्जाची तुलना इथे अर्थातच नाही, फक्त पद्धतीची आठवण झाली.

चौथा नियम: दोन्ही बाजूंची पत्रं एकाच काळातली आणि एकाच पेटीतली असावीत. नाहीतर चाळणी वाईट-चांगलं शिकण्याऐवजी जुनं-नवं किंवा इकडचं-तिकडचं शिकते. एन्रॉनची गोष्ट नेमकी इथेच येते.

सभ्यतेचा नमुना

संशोधकांची अडचण अशी होती की वाईट पत्रं ढिगाने मिळत, पण चांगली पत्रं कोण देणार? आपलं खासगी टपाल जगाला वाचायला कुणी देत नाही. २००० आणि २००१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेचं मोठं संकट आलं होतं. त्याच्या चौकशीत अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने एन्रॉनचे ईमेल ताब्यात घेतले आणि २००३ मध्ये ते जाहीर केले. विद्यापीठांतल्या लोकांनी ते साफसूफ करून अभ्यासासाठी खुले केले. सुमारे दीडशे कर्मचारी, पाच लाखांच्या आसपास संदेश. खऱ्या माणसांचं खरं टपाल एवढ्या प्रमाणात आधी कुणाच्याच हाती आलं नव्हतं. त्यात सौदे होते, बैठका होत्या, जेवणाची आमंत्रणं होती, घरगुती निरोपही होते. लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नव्हतं.

२००५ मध्ये स्पॅमच्या चाळण्यांची मोठी परीक्षा झाली, तिच्या ९२ हजारांवर संदेशांच्या संचात एन्रॉनचं टपाल होतं. २००६ मध्ये ग्रीसच्या तीन संशोधकांनी एन्रॉनच्या सहा कर्मचाऱ्यांच्या पेट्यांतली सुमारे साडेसोळा हजार पत्रं ‘चांगली’ म्हणून घेतली, बाहेरून आणलेला सतरा हजारांवर स्पॅम ‘वाईट’ म्हणून जोडला आणि तो संच सर्वांना दिला. आजही मशीन लर्निंग शिकणारी मुलं त्याच्यावर हात साफ करतात. त्या सहांतली एक पेटी व्हिन्स कामिन्स्की यांची आहे. कंपनीतल्या फसव्या व्यवहारांवर आतून आक्षेप घेणारे जोखीम-तज्ज्ञ म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले. त्यांच्या टपालात दाभोळचा उल्लेख असलेले संदेशही आहेत. म्हणजे गुहागर तालुक्यातला आपला प्रकल्प यंत्राच्या सभ्य शब्दांच्या वहीत जाऊन बसला.

आता चौथा नियम आठवा. चांगली पत्रं सगळी एका कंपनीची, वाईट सगळी बाहेरची. मग चाळणी काय शिकेल? ‘एन्रॉन’ हा शब्द दिसला की पत्र चांगलं! ‘व्हिन्स’ दिसलं की चांगलं! हा संच उघडून मोजणी करणाऱ्या कुणालाही हे दिसतं. हजारो भागधारकांना आणि स्वतःच्या कर्मचाऱ्यांना बुडवणाऱ्या कंपनीचं नावच भलेपणाची सर्वांत पक्की खूण ठरलं. यंत्राचा यात दोष नाही. जे टपाल त्याला ‘चांगलं’ म्हणून दाखवलं, तेच ते शिकलं.

सिंगापूरचं ‘लार’ आणि आपलं ‘असो’

मोबाइल संदेशांची गोष्ट वेगळी नाही. त्यासाठी जगभर वापरला जाणारा संच ५,५७४ संदेशांचा आहे. त्यातला बराचसा चांगला भाग सिंगापूरच्या विद्यापीठाने जमवलेला आणि बराचसा वाईट भाग ब्रिटनमधला. आपल्या भागातल्या अभियांत्रिकी कॉलेजचा मुलगा स्पॅमचा पहिला प्रकल्प करतो तो बहुधा यावरच. त्याची चाळणी सिंगापूरच्या बोलीतलं ‘लार’ ओळखते आणि त्याला भलं मानते. ‘बरं का’, ‘असो’, ‘इन्शाअल्लाह’, ‘जय हरी’ यांची तिला ओळखच नाही.

भाषेची अडचण आणखी खोल जाते. स्पॅमअ‍ॅसॅसिनमध्ये कोणत्या प्रदेशाच्या अक्षरसंचातली पत्रं चालतील हे सांगण्याची सोय आहे. तिथल्या यादीत इंग्रजी, जपानी, कोरियन, रशियन, थाई आणि चिनी आहेत. भारतातली एकही लिपी नाही. मराठी आता युनिकोडमध्ये लिहिली जाते आणि युनिकोड सगळ्यांचं असतं, म्हणून ती या नियमातून सुटते. शब्द मोजताना मात्र घोडं पेंड खातं. जुन्या आवृत्त्यांत शब्द पंधरा बाइटपेक्षा लांब असला की परक्या लिपीच्या शब्दाचे दोन-दोन बाइटचे तुकडे पाडले जात. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द ३३ बाइटचा होतो आणि त्याचे तुकडे अक्षराच्या मधोमध पडतात. शब्दच हाती आला नाही तर त्याची साक्ष कुठून मिळणार? मोठ्या कंपन्यांच्या चाळण्या याहून कितीतरी पुढे गेल्या आहेत आणि त्या आपल्याच ग्राहकांच्या खुणांवरून शिकतात. पण तिथेही ज्या भाषेत लोक खुणा करतात, तीच भाषा चाळणीला येते.

हे निव्वळ तांत्रिक रडगाणं नाही. आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलीला एका संस्थेने शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं पत्र पाठवलं होतं. मजकूर मराठीत, सोबत एक लिंक, ‘अंतिम मुदत’ ठळक अक्षरांत. ते स्पॅमच्या पेटीत पडून राहिलं. तिच्या लक्षात आलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. घरात मोबाइल एकच, तो वडिलांसोबत बाजार समितीत. पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्या मुलांना ‘स्पॅम नावाचीही एक पेटी असते’ हे कोण सांगतं? ज्याला रोज पन्नास ईमेल येतात त्याचं एक पत्र हरवलं तर तो फोन करून विचारतो. जिला वर्षातून एकच कामाचं पत्र येतं, तिचं तेच हरवतं.

विषप्रयोग

शिकणाऱ्याला बिघडवताही येतं. भामट्यांनी लवकरच युक्ती काढली. स्पॅममध्ये रोजच्या वापरातले साधे, सज्जन शब्द भरायचे. तुम्ही ते पत्र स्पॅम म्हणून शिकवलंत की त्या सज्जन शब्दांवरही डाग पडतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवलं की शिकवणीतली फक्त एक टक्का पत्रं अशी विषारी असली, तरी चाळणी निकामी होते आणि चांगली पत्रं बाहेर फेकू लागते.

हा आकडा वाचून मी थबकलो. शंभरात एक! एखाद्या नावाशी, एखाद्या मोहल्ल्याशी, एखाद्या जमातीशी वाईट गोष्ट जोडून पुन्हा पुन्हा दाखवत राहिलं की पाहणाऱ्याचं मन काय शिकतं, हे आपल्यापैकी अनेकांनी घर भाड्याने शोधताना अनुभवलं आहे. घरमालक वाईट असतोच असं नाही. त्याला दाखवली गेलेली पत्रंच एका बाजूची असतात. चांगली २०० पत्रं त्याच्या पेटीत कधी पडलेलीच नसतात.

किंदीची अट

म्हणून मला किंदीची ती अट पुन्हा आठवते. ज्या भाषेतलं पत्र उलगडायचं, त्याच भाषेतलं लिखाण मोजा. हजार-अकराशे वर्षांनी यंत्रं आली, मोजणीचा वेग अफाट वाढला, पण ह्यूस्टनच्या ऑफिसातलं इंग्रजी मोजून राहात्याच्या पत्रावर निकाल देता येत नाही, ही गोष्ट जिथली तिथे आहे.

यावर आपण काय करू शकतो? मोठं काही नाही, पण काहीच नाही असंही नाही. आठवड्यातून एकदा स्पॅमची पेटी उघडावी. त्यात शाळेचं, संस्थेचं, नातेवाइकाचं मराठी किंवा उर्दू पत्र दिसलं तर ते नुसतं वाचून सोडू नये. ‘स्पॅम नाही’ ही खूण करावी, कारण तीच चाळणीसाठी साक्ष असते. आवडत नाही म्हणून एखाद्याच्या पत्राला ‘स्पॅम’ म्हणू नये. ज्या संस्थेची बातमीपत्रं आपण स्वतः मागवली, ती बंद करण्याची सोय पत्राच्या तळाशी असते. नको असलेलं आणि फसवं यांत फरक आहे. आणि शिक्षकांनी दहावी-बारावीच्या मुलांना अर्ज भरायला शिकवताना ही पेटी कुठे असते तेही दाखवावं. पाच मिनिटांचं काम आहे.

ज्यांच्या मुलांनी संगणकाचं शिक्षण घेतलं आहे, त्यांच्यापुढे याहून मोठं काम आहे. मराठी आणि उर्दूतल्या पत्रांचा एक मोठा, परवानगी घेऊन जमवलेला, नावं-पत्ते काढून टाकलेला संच आपल्याला हवा आहे. एन्रॉनच्या लोकांना न विचारता त्यांची पत्रं जगापुढे आली, तसं आपल्या पोरीबाळींच्या पत्रांचं होऊ नये. विचारून घ्यावं, नीट निवडावं, दोन्ही बाजूंची घ्यावीत. त्यात ग्रामपंचायतीची नोटीस असावी, ईदच्या शुभेच्छा असाव्यात, कांद्याच्या भावाचा निरोप असावा, शिष्यवृत्तीचं पत्र असावं.

दाभोळच्या वीजघराचं नाव बदललं, ते २००५ पासून सरकारी कंपन्यांकडे गेलं. एन्रॉनचा लिलाव होऊन गेला. तिची पत्रं मात्र अजून शिकवणीला बसलेली आहेत. त्यांच्या शेजारी आपली पत्रं कधी बसवायची, ते आता आपल्याला ठरवायचं आहे.